जॉर्जियाच्या मतदाराचा दुसरा हेलपाटा

२६ नोव्हेंबर २०२२, शनिवार. गुरुवारी थँक्सगिव्हिंग झालेलं, घरात अजून पाहुणे, आणि मी अटलांटाच्या एका उपनगरात मतदानाच्या रांगेत उभी होते. अठरा दिवसांपूर्वीच मी मत देऊन आले होते. जागा तीच, सेनेटची. उमेदवारही तेच, फक्त तिघांचे दोघे झालेले. माझ्या पुढे हॉस्पिटलचा निळा गणवेश घातलेली एक नर्स होती, रात्रपाळी संपवून थेट आलेली. थोड्या वेळाने तिने बूट काढले आणि ते हातात धरून मोज्यांवरच पुढे सरकत राहिली. पुढचा सगळा आठवडा तिची बारा-बारा तासांची पाळी होती आणि मतदानाच्या मंगळवारीही सुट्टी नव्हती. हा शनिवार हुकला असता तर तिचं मत बुडालंच असतं.

तो शनिवारसुद्धा आम्हाला सहजासहजी मिळाला नव्हता. जॉर्जियाच्या कायद्यात एक कलम आहे: सुट्टीला लागून येणाऱ्या शनिवारी मुदतपूर्व मतदान, म्हणजे ठरलेल्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन मत देण्याची सोय, ठेवायचं नाही. गुरुवारी थँक्सगिव्हिंग आणि शुक्रवारी राज्याची सुट्टी, म्हणून शनिवारी मतदान नाही, असं राज्याने जाहीर केलं. या शुक्रवारच्या सुट्टीचं कागदावर आता नुसतं 'राज्य सुट्टी' एवढंच नाव आहे. २०१५ पर्यंत ती रॉबर्ट ई. ली यांच्या जयंतीची सुट्टी होती. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेचे ते सेनापती. सरकारने नाव पुसलं, सुट्टी ठेवली. सेनेटर राफाएल वॉर्नॉक यांच्या प्रचार समितीने आणि त्यांच्या पक्षाने न्यायालयात धाव घेतली. हे कलम मुख्य निवडणुकीपुरतं आहे, दुसऱ्या फेरीला लागू नाही, असा निकाल फुल्टन काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) न्यायाधीशांनी दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. मगच काही काउंट्यांनी त्या शनिवारी दारं उघडली, आणि म्हणून ती नर्स आणि मी तिथे होतो.

या रांगेचं मूळ ज्या नियमात आहे, त्याबद्दल मला लिहायचं आहे. जॉर्जियात नुसती सर्वाधिक मतं मिळवून माणूस निवडून येत नाही. निम्म्याहून एक तरी मत जास्त लागतं. ते कुणालाच मिळालं नाही, तर पहिल्या दोघांमध्ये पुन्हा निवडणूक होते. इथे तिला 'रनऑफ' म्हणतात. आपल्याकडचा 'फेरमतदान' हा शब्द तिला लावता येत नाही, कारण फेरमतदान गैरप्रकार झाला की होतं. इथे पहिल्या फेरीत कुणाचीच चूक नसते. मतदारांनी नेमून दिल्याप्रमाणे मत दिलेलं असतं आणि तरीही त्यांना परत बोलावलं जातं.

निम्म्याहून जास्त मतं हवीत, ही अट मला मनापासून पटते. महाराष्ट्रात तीस-पस्तीस टक्के मतांवर आमदार झालेली माणसं पाहत मी मोठी झाले. साठ-पासष्ट टक्के लोकांनी ज्याला नाकारलं, तोच पाच वर्षं 'जनतेचा कौल' म्हणून मिरवतो, हे मला तेव्हाही खुपायचं. त्यामुळे जॉर्जियाचा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा मला त्याचा आदरच वाटला होता. तो आला कुठून हे नंतर वाचलं.

विसाव्या शतकाची जवळजवळ सहा दशकं जॉर्जियात 'काउंटी युनिट' नावाची पद्धत होती. १९१७ च्या कायद्याने तिला पक्कं रूप दिलं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे त्या काळी एकाच पक्षाचं वर्चस्व असल्याने खऱ्या निवडणुकीतच, मतं माणसांची मोजली जायची, पण निकाल काउंट्यांवर ठरायचा. सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा युनिटं, पुढच्या तीसना चार-चार आणि उरलेल्या १२१ ना दोन-दोन. १९६० च्या जनगणनेत अटलांटा ज्या काउंटीत आहे त्या फुल्टनची लोकसंख्या ५,५६,३२६ होती आणि एकोल्स काउंटीची १,८७६. पहिलीला सहा युनिटं, दुसरीला दोन. म्हणजे एकोल्समध्ये ९३८ माणसांमागे एक युनिट, फुल्टनमध्ये ९२,७२१ माणसांमागे एक. शहरातल्या मताला, आणि त्यातही शहरातल्या कृष्णवर्णीय मताला, किंमतच उरू नये अशी ही बांधणी होती. १९४६ मध्ये जेम्स कारमायकल यांना गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत जास्त मतं पडली, पण उमेदवारी युनिटांच्या जोरावर यूजीन टॅलमेज यांनी नेली. अखेर १९६३ मध्ये 'ग्रे विरुद्ध सँडर्स' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मोडीत काढली. 'एक व्यक्ती, एक मत' हे शब्द त्याच निकालाने अमेरिकेच्या कायद्यात रुजले.

पद्धत गेली, पण ती ज्यांच्या सोयीची होती ते कुठेच गेले नव्हते. मेकन शहराचे आमदार डेन्मार्क ग्रूव्हर १९५८ मध्ये हरले होते आणि कृष्णवर्णीयांच्या एकगठ्ठा मतांनी आपल्याला पाडलं असं त्यांचं म्हणणं होतं. विधानसभेत परतल्यावर त्यांनी बहुमताच्या अटीचा आग्रह धरला आणि १९६४ च्या निवडणूक संहितेत ती आली. हिशेब साधा होता. गोऱ्यांची मतं चार जणांत विभागली आणि कृष्णवर्णीयांनी एकजुटीने पाचव्याला मत दिलं, तर तो पाचवा निवडून येऊ शकतो. दुसरी फेरी ठेवली की त्या चौघांचे मतदार एकत्र येतात. ही संहिता लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हेच होतं असं कुणी म्हणू शकणार नाही. पण आपण वंशभेदाचे पुरस्कर्ते होतो, हे खुद्द ग्रूव्हर यांनी पुढे कबूल केलं होतं. १९९० च्या दशकात या अटीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, तेव्हाही ती टिकली.

तरीही जन्म वाईट म्हणून नियम टाकून द्यावा, असं मी म्हणणार नाही. दुसरी फेरी नसली की काय होऊ शकतं तेही जॉर्जियाने पाहिलं आहे. १९६६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत बो कॅलवे यांना ४,५३,६६५ मतं मिळाली आणि लेस्टर मॅडॉक्स यांना ४,५०,६२६. तिसऱ्याच माणसाचं नाव मतपत्रिकेवर हाताने लिहून पन्नास हजारांहून जास्त लोकांनी मत दिल्यामुळे निम्मं कुणालाच गाठता आलं नाही. गव्हर्नरपदासाठी तेव्हा दुसऱ्या फेरीची तरतूद नव्हती. राज्यघटनेनुसार निवड विधिमंडळाकडे गेली आणि विधिमंडळाने दुसऱ्या क्रमांकाच्या मॅडॉक्स यांना गव्हर्नर केलं. आपल्या हॉटेलात जेवायला आलेल्या कृष्णवर्णीयांना पिस्तूल आणि कुऱ्हाडीचे दांडे घेऊन हाकलणारा हा माणूस. त्या तुलनेत लोकांनाच पुन्हा विचारणं कितीतरी बरं. आणि याच नियमातून ५ जानेवारी २०२१ रोजी वॉर्नॉक जिंकले, जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सेनेटर झाले. ग्रूव्हर यांच्या हिशेबात हे नक्कीच बसत नव्हतं.

माझा राग नियमाच्या जन्मापेक्षा त्याच्या पुढच्या हाताळणीवर जास्त आहे. १९९२ मध्ये डेमोक्रॅट सेनेटर वायच फाउलर पहिल्या फेरीत ४९.२ टक्क्यांवर, सगळ्यांच्या पुढे होते. दुसऱ्या फेरीत ते रिपब्लिकन पॉल कव्हरडेल यांच्याकडून थोडक्यात हरले. विधिमंडळ डेमोक्रॅटांच्या हाती होतं. त्यांनी १९९४ मध्ये निम्म्याची अट ४५ टक्क्यांवर आणली. लगेच १९९६ मध्ये मॅक्स क्लेलंड ४८.९ टक्के मतांवर एका फेरीत सेनेटर झाले. पुढे सत्ता रिपब्लिकनांकडे गेली आणि २००५ मध्ये त्यांनी अट परत निम्म्यावर नेली. २०२० मध्ये याच अटीने त्यांचे डेव्हिड पर्ड्यू ४९.७ टक्क्यांवर अडकले. ४५ टक्क्यांचा नियम राहिला असता तर ते नोव्हेंबरमध्येच निवडून आले असते. दुसऱ्या फेरीत ते जॉन ऑसॉफ यांच्याकडून हरले, त्याच दिवशी वॉर्नॉकही जिंकले आणि अख्ख्या अमेरिकेच्या सेनेटची सूत्रं फिरली.

मग मार्च २०२१ मध्ये आलं ९८ पानांचं एस.बी. २०२, म्हणजे राज्याचा नवा निवडणूक कायदा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे या तीन दशकांत दोन्ही पक्षांनी करून दाखवलं आहे. कुठल्याही वेळी मतदाराला बसून कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुला काय सोयीचं आहे.

एस.बी. २०२ वर पुष्कळ ओरड झाली आणि बरीचशी रास्त होती. मतदान केंद्रापासून दीडशे फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला बाहेरच्या कुणी पाणी दिलं तर तो गुन्हा. त्या शनिवारी त्या नर्सला कुणी पाण्याची बाटली पुढे केली असती तर देणारा अडचणीत आला असता. पण दुसऱ्या फेरीबाबत या कायद्याने जे केलं त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. केंद्राच्या निवडणुकांसाठी दोन फेऱ्यांमधलं अंतर नऊ आठवडे होतं, ते चारवर आणलं. चार आठवडे म्हणजे टपाली मतपत्रिका मागवायची, ती यायची आणि परत पोचवायची, हे सगळं धापा टाकत. मुदतपूर्व मतदानाचे सक्तीचे दिवस सोमवार ते शुक्रवार एवढे पाचच. नव्या मतदारांना तर दारच बंद. ६ डिसेंबर २०२२ च्या फेरीसाठी नाव नोंदवायची शेवटची तारीख होती ७ नोव्हेंबर, म्हणजे पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी. दुसरी फेरी होणार की नाही हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं, तेव्हाच तिची नोंदणी संपलेली.

हे नऊ आठवडे आले होते कशामुळे? परदेशात असलेल्या सैनिकांना आणि नागरिकांना मतपत्रिका पंचेचाळीस दिवस आधी धाडली पाहिजे, असा केंद्राचा कायदा आहे. जॉर्जिया तो पाळत नव्हतं. न्यायालयाने कान धरला, म्हणून अंतर वाढवावं लागलं होतं. आता ते पुन्हा चार आठवड्यांवर आणायचं तर सैनिकांचं काय करायचं, असा पेच कायदा लिहिणाऱ्यांपुढे होता. त्यांनी काढलेला मार्ग उत्तम आहे. परदेशातल्या मतदाराला पहिल्या फेरीच्या मतपत्रिकेबरोबरच आणखी एक मतपत्रिका मिळते. तिच्यावर त्याने उमेदवारांना एक, दोन, तीन असा पसंतीक्रम द्यायचा. दुसरी फेरी लागलीच, तर उरलेल्या दोघांपैकी ज्याला त्याने वरचा क्रमांक दिला असेल त्याला ते मत जातं. त्याला पुन्हा काहीही करावं लागत नाही.

आमच्या ओळखीतली, जॉर्जियातच जन्मलेली एक मुलगी २०२२ मध्ये पुण्यात शिकत होती. तिने सप्टेंबरच्या अखेरीला, आजीच्या जेवणाच्या टेबलावर बसून दोन्ही मतपत्रिका भरल्या आणि टपालात टाकल्या. तीन नावं, तीन क्रम. झालं. तिचे आईवडील इथे राहतात, इथे कर भरतात, आणि ते नोव्हेंबरमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये पुन्हा एकदा रांगेत उभे राहिले. पुण्यातल्या मुलीला राज्याने जी सोय दिली ती तिच्या आईला का नाही, याचं उत्तर मला कायद्यात कुठेही सापडलं नाही. दक्षिणेतल्या आणखी पाच राज्यांतही परदेशातल्या मतदारांना अशीच मतपत्रिका मिळते. म्हणजे हा काही कुणा एका राज्याचा चमत्कारिक प्रयोग नाही.

माझी मागणी एवढीच आहे. निम्म्याहून जास्त मतांची अट राहू द्या, आणि पसंतीक्रमाची मतपत्रिका सगळ्या मतदारांना द्या.

लोकांना हे समजणार नाही, असं विरोधक सांगतात. मराठी वाचकाला हे ऐकून नवल वाटेल. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत हेच चालतं. माझे बाबा तालुक्याच्या गावी शिक्षक होते. मतदान करून आले की सांगायचे, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच आकडे लिहायचे, स्वतःच्या पेनने लिहिलं तर मत बाद, नावापुढे १, मग २, मग वाटलं तर ३. 'पहिल्या पसंतीची मतं' हे शब्द त्या दिवसांत आमच्या गावच्या चहाच्या टपरीवरही ऐकू यायचे. अर्थात ते मतदार शिकलेले असतात, हे मान्य. पण तीन नावांना क्रम लावायला पदवी लागत नाही. मेन राज्यात २०१८ पासून केंद्राच्या निवडणुकांत सगळे मतदार तो लावतात, अलास्कात २०२२ पासून. अलास्कात २०२४ मध्ये ही पद्धत रद्द करायचा ठराव जनमताला टाकला गेला आणि हजाराहूनही कमी मतांनी फेटाळला गेला. म्हणजे लोकांना ती सरसकट आवडते असं नाही, हेही मला लपवायचं नाही.

विश्वासाचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. २०२० मध्ये जो बायडन इथे ११,७७९ मतांनी जिंकले, तेव्हा सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हाताने मोजाव्या लागल्या. तरी कित्येकांचं समाधान झालं नाही. अशा राज्यात पहिला आलेला दुसऱ्या पसंतीच्या मतांमुळे मागे पडला, तर गहजब होईल. होईलच. मेनमध्ये २०१८ साली झाला होता, ब्रूस पॉलिक्विन पुढे होते आणि जिंकले जॅरेड गोल्डन. पण फाउलर पुढे असून हरले आणि पर्ड्यूही पुढे असून हरले, तेव्हा जॉर्जियाने ते पचवलंच. पसंतीक्रमाची मतपत्रिका कागदाची असते, तिच्यावर माणसाच्या खुणा असतात, ती हाताने मोजता येते. विधान परिषदेची मोजणी आजही टेबलांवर गठ्ठे लावून, प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत चालते. उलट इथे २०२२ मध्ये आम्ही यंत्रावर नाव निवडलं, यंत्राने कागद छापला, आणि मोजणीच्या यंत्राने त्या कागदावरचा क्यूआर कोड वाचला, जो मतदाराला वाचता येत नाही. मोजणी क्यूआर कोडवरून करू नये, असा कायदा २०२४ मध्ये राज्याने केला. मतपत्रिका नव्याने आखायचीच आहे, तर ती क्रम लावता येईल अशी आखावी.

एका आक्षेपापुढे मी थोडी थबकते. दुसरी फेरी म्हणजे दुसरा विचार, असं माझे एक शेजारी म्हणतात. गर्दी पांगते, दोघंच उरतात, चार आठवडे त्यांच्याकडे नीट बघता येतं. कधी कधी पहिल्या निकालातून नवी माहिती मिळते. जानेवारी २०२१ ची फेरी आठवली की हे अगदीच खोटं म्हणवत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये पर्ड्यू आणि ऑसॉफ यांच्या जागेसाठी साधारण साडेएकोणपन्नास लाख मतं पडली होती, दुसऱ्या फेरीत पावणेपंचेचाळीस लाखांच्या वर. लोक खरोखर परत आले. पण तेव्हा सगळ्या देशाची सत्ता त्या दोन जागांवर टांगलेली होती आणि जाहिरातींवर पैशाचा पाऊस पडत होता. २००८ मध्ये सॅक्सबी चॅम्ब्लिस आणि जिम मार्टिन यांच्या लढतीत पहिल्या फेरीत साडेसदतीस लाख मतं होती आणि दुसऱ्या फेरीत एकवीस लाख अडतीस हजार. सोळा लाख माणसं गळाली. १९९२ मध्ये साडेबावीस लाखांची साडेबारा लाख झाली होती. बहुमत हवं म्हणून दुसरी फेरी घ्यायची आणि जिंकणाऱ्याला पहिल्या फेरीतल्या मतांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी मतं मिळायची! १९९२ मध्ये कव्हरडेल ६,३५,११४ मतांवर सेनेटर झाले. शेवटी हरलेल्या फाउलरना पहिल्या फेरीत ११,०८,४१६ मतं पडली होती. याला बहुमत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि गळणारी माणसं कोण असतात? ज्यांना मंगळवारी साहेबांना सांगून निघता येत नाही ती, ज्यांच्या घरी एकच गाडी आहे ती, ज्यांचं लहान मूल सांभाळायला कुणी नाही ती. माझी नोकरी लॅपटॉपवरची. मी रांगेत उभी राहून दोन मीटिंगा फोनवर ऐकू शकते. भारतात मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी असते, इथे मतदानाचा मंगळवार कामाचाच दिवस. एकदा यायला सांगणं ठीक आहे, पण तेच काम दोनदा करायला लावलं की कुणाला परवडतं आणि कुणाला नाही हे आधीच ठरलेलं असतं.

राज्याच्या १५९ काउंट्यांनाही हे पेलावं लागतं. बऱ्याच केंद्रांवर काम करणारी माणसं निवृत्त असतात, साठी-सत्तरीची. पहिली मोजणी, तिची तपासणी, आणि ती संपते न संपते तोच दुसऱ्या निवडणुकीच्या मतपत्रिका, खोल्या, माणसं. तेही सणासुदीत.

त्या शनिवारी दीड तासाने आमचा नंबर लागला. नर्सने दारापाशी बूट पुन्हा पायात घातले. आत गेल्यावर सही, कार्ड, यंत्र, कागद, मोजणी यंत्राचं तोंड. पाच मिनिटांत आटोपलं. टेबलाशी बसलेल्या आजींनी आम्हा दोघींना पीच फळाचं चित्र असलेलं स्टिकर दिलं. नोव्हेंबरमध्ये मिळालेलं तसलंच स्टिकर नर्सच्या ओळखपत्राच्या पाठीमागे अजून होतं. तिने नवं त्याच्यावरच चिकटवलं आणि घरी झोपायला गेली.

जॉर्जियाचं विधिमंडळ दर जानेवारीत चाळीस दिवसांसाठी बसतं. मी माझ्या प्रतिनिधींना पत्र लिहिलं आहे. परदेशातल्या मतदारांना पसंतीक्रमाची मतपत्रिका देणारं कलम त्यात उतरवून काढलं आहे आणि ज्या शब्दांनी ती सोय त्यांच्यापुरती राखली आहे, त्या शब्दांखाली रेघ मारली आहे. तेवढे शब्द वगळा, असं लिहिलं आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना मताचा अधिकार आहे त्यांनीही आपापल्या प्रतिनिधींना लिहावं. मसुदा हवा असेल तर मी देते.